नसांतलं प्लास्टिक आणि स्टेंटनंतरची गोळी

इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात असा: "ह्यांचं वय ६१. पाच महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी आली की नसांमधल्या चरबीत प्लास्टिक सापडतं आणि अटॅक त्यानेच येतो. तेव्हापासून हे म्हणतात, कोलेस्टेरॉलची गोळी फुकटची, खरा दोषी प्लास्टिक. दोन आठवडे गोळी बंद आहे. रक्तातलं प्लास्टिक तपासायची टेस्ट असते का? ते काढता येतं का? घरातले सगळे डबे फेकायचे का? आणि स्टेंटसुद्धा प्लास्टिकचाच असतो का?"

ताई, डब्यांचं नंतर बघू. आधी गोळी. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करून सांगा की ती दोन आठवडे बंद होती, आणि त्यांच्या सल्ल्याने आज रात्रीपासून सुरू करा. दुसरं, यजमानांच्या गोळ्यांचा डबा स्वतः उघडून पाहा. बंद केलेली गोळी फक्त कोलेस्टेरॉलचीच आहे, की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याही सुटल्या आहेत? ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, यांतलं काही सुटलं असेल तर फोनवर थांबू नका, आजच दवाखान्यात जा. पाच महिन्यांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती नस एकाएकी पूर्ण बंद होते, आणि असा अटॅक बहुतेक वेळा मोठाच असतो. इतक्या वर्षांच्या कामात मी जे टाळता येण्याजोगे मृत्यू पाहिले, त्यांतले कितीतरी असेच होते: माणूस बरा झाला, घरी गेला, आणि काहीतरी ऐकून-वाचून त्याने गोळ्या सोडल्या.

स्टेंटचंही इथेच सांगून टाकतो. तो प्लास्टिकचा नसतो. आज वापरले जाणारे बहुतेक स्टेंट कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची बारीक जाळी असतात. जाळीवर औषध धरून ठेवण्यासाठी पॉलिमरचा अतिशय पातळ लेप असतो. काही प्रकारांत तो लेप काही महिन्यांत विरघळून जातो. त्या लेपाने नस तुंबत नाही. उलट त्यातलं औषध नस पुन्हा अरुंद होऊ नये म्हणूनच घातलेलं असतं.

आता बातमीकडे येतो. ती खोटी नाही, आणि मी तिला हसण्यावारी नेणार नाही. इटलीतल्या नेपल्सचे रफाएले मार्फेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली, तर काही रुग्णांत शस्त्रक्रिया करून तो थर काढून टाकतात. असा काढलेला थर त्यांनी तपासला. पुढे ज्यांच्यावर लक्ष ठेवता आलं अशा २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन सापडलं. प्लास्टिकच्या ज्या पातळ पिशवीला आपण पन्नी म्हणतो, ती ह्याचीच. ३१ जणांच्या थरात पीव्हीसीही होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थरातल्या पेशींच्या आत आणि आसपास वेड्यावाकड्या धारदार कडांचे परके कण दिसले. मग सरासरी ३४ महिने या रुग्णांची नोंद ठेवली. प्लास्टिक सापडलेल्या १५० पैकी ३० जणांना, म्हणजे २० टक्क्यांना, अटॅक किंवा पक्षाघात आला किंवा मृत्यू झाला. प्लास्टिक न सापडलेल्या १०७ जणांत हे ८ जणांच्या बाबतीत घडलं, म्हणजे साडेसात टक्के. वय, मधुमेह वगैरे फरकांचा हिशोब केल्यावर धोका साधारण साडेचार पट निघाला.

वाचल्यावर मीही बराच वेळ त्या आकड्यांशी अडून राहिलो. हृदयरोगात साडेचार पट हा फार मोठा आकडा आहे. पण अभ्यास करणाऱ्यांनीच स्पष्ट लिहिलं आहे की यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. असं का, ते यजमानांना नीट समजावून सांगायला हवं, कारण त्यांचा सगळा निष्कर्ष ह्याच ठिकाणी निसटतो.

ज्यांच्या थरात प्लास्टिक निघालं त्यांच्यात मधुमेही जास्त होते, सिगारेट ओढणारे जास्त होते, आधीपासून हृदयविकार असलेले जास्त होते. आकडेवारीने हे फरक बाजूला काढायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्ण निघत नाहीत. हे लोक काय खात होते, कुठल्या हवेत राहत होते, कुठलं पाणी पीत होते, याची मोजणी त्या अभ्यासात नाही. आणखी एक शक्यता मला डॉक्टर म्हणून फार खरी वाटते. चरबीचा थर जितका सुजलेला आणि ठिसूळ, तितक्या त्यात नव्या नाजूक केशवाहिन्या फुटतात आणि तितके भक्षक पेशींचे, म्हणजे परकं काही दिसलं की गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, घोळके जमतात. रक्तात फिरणारे कण अशा थरात जास्त अडकणार. म्हणजे प्लास्टिकमुळे थर धोकादायक झाला, की थर आधीच धोकादायक होता म्हणून त्यात प्लास्टिक साठलं? एकाच वेळी काढलेल्या नमुन्यावरून हे सांगता येत नाही.

मोजणीच्या पद्धतीबद्दलही शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि तो क्षुल्लक नाही. त्यांनी नमुना खूप तापवून त्यातून निघणाऱ्या वायूंवरून प्लास्टिक ओळखलं. पॉलिथिलीन म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. माणसाची चरबीही अशाच साखळ्यांची बनलेली. चरबी आधी पूर्णपणे काढली नाही, तर तिचेच तुकडे पॉलिथिलीन म्हणून मोजले जाऊ शकतात. नेपल्सच्या अभ्यासात थराच्या दर मिलिग्रॅममागे सरासरी सुमारे २२ मायक्रोग्रॅम पॉलिथिलीन मोजलं गेलं, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त. मला तो आकडा पचायला जड जातो. आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नळ्या, पिशव्या, सिरिंजा, सगळं प्लास्टिकच. बीजिंगमध्ये २०२३ साली हृदयशस्त्रक्रियेच्या १५ रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा हृदयाच्या ऊतीत आणि भोवतालच्या चरबीत कण सापडले. पण शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तात काही नवे प्रकारही दिसले. म्हणजे काही कण उपचारातूनच आत जात असण्याची शक्यता आहे.

एवढ्या शंका असूनही हा विषय मी बाजूला का टाकत नाही? कारण अनेक टोकांनी एकच गोष्ट पुढे येते आहे. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ निरोगी रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं. इटलीतच २०२१ मध्ये गरोदर बायकांच्या वारेत कण सापडले. २०२५ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात उंदरांना हे कण खाऊ घातल्यावर नरांच्या धमन्यांत चरबीचे थर झपाट्याने वाढले, माद्यांच्या मात्र नाही, आणि वजन किंवा कोलेस्टेरॉल न वाढताच हे झालं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण धमनीच्या आतल्या अस्तराला ह्या कणांचा त्रास होतो, हे मला आता पटलं आहे.

तो त्रास कसा, तेही सांगतो, कारण गोळीचा प्रश्न इथेच सुटतो. अटॅक नुसत्या चरबीने येत नाही. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरतं, ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात, त्या गिळून फुगतात, मरतात, आणि तिथे सतत सूज राहते. सुजेने थरावरचं झाकण पातळ होतं. एक दिवस ते फाटतं, रक्त आतल्या मालाला लागतं, गुठळी होते. ह्या भक्षक पेशी प्लास्टिकचा कणही गिळतात, पण तो त्यांना पचवता येत नाही, आणि त्या सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात. नेपल्सच्या नमुन्यांत प्लास्टिक जितकं जास्त, तितकी ही रसायनंही जास्त होती. सूज हा स्वतंत्र शत्रू आहे हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. २०१७ साली दहा हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त सूज कमी करणाऱ्या इंजेक्शनने हृदयाच्या गंभीर घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या होत्या.

आता यजमानांना हे असं सांगा. प्लास्टिक सापडलं कुठे? कोलेस्टेरॉलच्या थरात. थरच नसता तर ते कण तिथे अडकले नसते. आणि तुमची कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, दोन कामं करते: रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) उतरवते, आणि थरातली सूजही कमी करून त्याचं झाकण जाड, घट्ट करते. म्हणजे उद्या प्लास्टिकचा दोष शंभर टक्के सिद्ध झाला, तरी ही गोळी फुकटची ठरत नाही. तिची गरज वाढते. प्लास्टिकच्या भीतीने स्टॅटिन सोडणं म्हणजे ज्या जागी कण अडकतात ती जागाच वाढवणं. स्टॅटिनचा पुरावा एखाद्या अभ्यासाचा नाही. लाखाहून जास्त रुग्णांच्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा दिसलं की एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. त्याहून खाली उतरवलं तर आणखी.

आणि 'खरा दोषी' म्हणाल, तर जुने दोषी कुठे गेलेत? २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पुरुषांमधल्या पहिल्या अटॅकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के हिशोब नऊ गोष्टींनी लागला: तंबाखू, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू पिण्या-न पिण्याची सवय. त्याच अभ्यासातून हेही दिसलं की आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. यजमानांचा कमरेचा घेर, त्यांची साखर, सकाळचं बीपी, गुटखा-पान, ह्यांतलं काय चालू आहे ते मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. तुम्हाला नक्की माहीत असेल.

टेस्टबद्दल: करू नका. रक्तातलं प्लास्टिक मोजून उपचार ठरवता येईल अशी कुठलीही मान्य तपासणी आज नाही. रक्त काढायची सिरिंज प्लास्टिकची, ट्यूब बहुतेक वेळा प्लास्टिकची. संशोधनाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी, सुती कपडे, गाळलेली हवा एवढी काळजी घेऊनही घोळ होतो. आणि आकडा आलाच, तर त्याचं करायचं काय? किती असलं तर सुरक्षित, हे ठरलेलंच नाही. परदेशात काही दवाखाने रक्त यंत्रातून गाळून प्लास्टिक काढून देतो म्हणत मोठी रक्कम घेतात. त्याने अटॅक टळतो असा पुरावा नाही. शिवाय ते यंत्र आणि त्याच्या नळ्या प्लास्टिकच्याच असतात. 'डिटॉक्स'च्या पुड्या आणि काढे तर घरात आणूच नका. यजमान रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आहेत, आणि अनोळखी जडीबुटी त्या गोळ्यांच्या असरात ढवळाढवळ करू शकते. त्याच पैशांत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलसाठी), एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) करून घ्या. गिळलेल्या कणांपैकी मोठे कण आतड्यातून तसेच बाहेर पडतात. प्रश्न आहे तो अतिसूक्ष्म कणांचा, आणि त्यांच्यावर आपला खरा ताबा फक्त तोंडाशी आणि नाकाशी आहे.

म्हणून आता स्वयंपाकघराकडे. सगळे डबे फेकू नका. कोरडे पोहे, रवा, साखर, शेव ज्या डब्यांत आहे त्यांना हात लावायची घाई नाही. मला काळजी आहे ती उष्णतेची. गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थ प्लास्टिकला लागला की कणही सुटतात आणि त्यात मिसळलेली रसायनंही. हा एक संबंध तोडलात, तर घरातलं बरंच काम झालं.

आपल्या इंदूरमध्ये ह्याचा सगळ्यांत मोठा रस्ता चहा आहे. खरगपूरच्या आयआयटीत सुधा गोयल यांच्या गटाने २०२० मध्ये कागदी कपांवर काम केलं. कागदी कप नुसता कागदाचा नसतो, आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, बहुधा पॉलिथिलीनचा. ८५ ते ९० अंशांचा १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटं त्यात ठेवला, तर सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरले. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे कप आणि प्लेटा बंद झाल्या, तेव्हा टपऱ्यांवर कागदी कप आले आणि लोकांना वाटलं सुटलो. सुटलो नाही. टपरीवर काचेच्या ग्लासात किंवा कुल्हडमध्ये मागा. ऑफिसात आणि दुकानात स्टीलचा पेला ठेवा. मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते वॉर्डाबाहेरचं दृश्य पाहून. आत स्टेंट घातलेला रुग्ण असतो, आणि घरची माणसं पन्नीत बांधलेला उकळता चहा आणून कागदी कपात ओतून त्याला पाजत असतात. प्रेमानेच करतात. कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं. भेटायला जाताना एक स्टीलचा थर्मास घेऊन जा, एवढंच मी प्रत्येकाला सांगतो.

तीच गोष्ट पार्सलची. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून किंवा कॉलनीतल्या दुकानातून गरम सांबार, डाळ, कढी पन्नीत गाठ मारून येते. ते प्लास्टिक पातळ, आणि पदार्थ वाफाळलेला, वर तेलाचा तवंग. घरून स्टीलचा डबा न्या. सुरुवातीला दुकानदार बघत राहील, पण भरून देईल. पोह्यांची गरम पुडी बांधताना कागदाखाली प्लास्टिक लावतात, तेही नको म्हणा. छापील वर्तमानपत्रात तर मुळीच घेऊ नका, शाई अन्नाला लागते. घरी मायक्रोवेव्ह असेल तर त्यात फक्त काच किंवा चिनी माती. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगात प्लास्टिकच्या डब्याच्या एका चौरस सेंटिमीटरमधून तीन मिनिटांत चाळीस लाखांवर सूक्ष्म आणि दोनशे कोटींवर अतिसूक्ष्म कण सुटलेले मोजले. डब्यावर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ डबा वाकत-वितळत नाही एवढाच घ्या. नातवंडांची दुधाची बाटली ह्याच नियमात बसवा: दूध गरम करायचं ते पातेल्यात, बाटलीत नाही. लोणचं चिनी मातीच्या बरणीत. घासून घासून ओरखडे पडलेला प्लास्टिकचा कटिंग बोर्ड असेल तर लाकडी पाट किंवा विळी बरी.

पाण्याविषयी जरा सावकाश सांगायला हवं, कारण तिथे लोक उलटं करतात: नळाच्या पाण्याला घाबरून बाटल्यांची पेटी आणतात. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तीन ब्रँडच्या बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे २,४०,००० कण मोजले, आणि त्यांतले जवळपास ९० टक्के अतिसूक्ष्म होते, जे पूर्वीच्या पद्धतींना दिसतच नव्हते. प्रवासात किंवा गढूळ पाण्याच्या दिवसांत सीलबंद बाटली नक्की घ्या; जंतूंचा धोका आजचा आहे, प्लास्टिकचा दूरचा. पण घरात रोज पिण्यासाठी बाटलीबंद पाणी लावू नका, आणि लग्नात वाटतात त्या छोट्या बाटल्या उन्हात तापलेल्या असतील तर त्या तर नकोच.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, आणि कितीतरी कॉलन्यांत जोडीला बोअरिंगचं असतं. बोअरिंगचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. चीनमधल्या ग्वांगझौच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की जड पाणी पाच मिनिटं उकळलं की त्यातला चुना कणांभोवती बसतो आणि ते कण घेऊन खाली बसतो. फार जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत कण असे निघाले, हलक्या पाण्यात मात्र जेमतेम पाव. म्हणजे पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून, थंड करून, तळ न ढवळता वरचं गाळून घेतलं, तर जंतू मरतात आणि प्लास्टिकही बरंच कमी होतं. पातेल्याच्या तळाचा पांढरा थर दर थोड्या दिवसांनी घासून काढा. घरी आरओ असेल तर त्याचा पडदा हे कण अडवतो. फक्त फिल्टर वेळेवर बदला आणि ते पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये रांग लावू नका. तांब्या, माठ, स्टीलची कळशी, काचेची बाटली, काहीही चालेल.

मिठाविषयीही विचारतील, म्हणून आधीच सांगतो. टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२४ साली आपल्याकडच्या दहा प्रकारच्या मिठांत आणि पाच प्रकारच्या साखरेत कण मोजले. मिठात किलोमागे सुमारे ७ ते ८९, आणि सर्वांत जास्त आयोडीनयुक्त मिठात. हे वाचून आयोडीनचं मीठ बंद करणारे रुग्ण आले आहेत. हिशोब करून बघा. दिवसाला पाच ग्रॅम मीठ खाल्लं, तर सगळ्यांत वाईट नमुन्यातूनही दोन दिवसांत एखादा कण पोटात जातो. त्या मोजणीत फार बारीक कण धरलेले नाहीत हे खरं, म्हणून कपाच्या आकड्याशी थेट तुलना करू नये. पण मिठातून हृदयाला होणारा खरा अपाय सोडियमचा आहे, आणि तो बीपीच्या यंत्रावर दिसतो. आयोडीनचं मीठच खा, पण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, शेव, फरसाण धरून. इंदूरच्या माणसाला हे सांगणं जड जातं, पण यजमानांच्या ताटातली शेव ही त्या डब्याच्या प्लास्टिकपेक्षा त्यांच्या हृदयाला कितीतरी जास्त महाग पडते.

ग्रुपवर 'आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक आपण खातो' असंही फिरतं. तो २०१९ चा अंदाज होता. नंतरच्या काटेकोर हिशोबांनी तो फार फुगवलेला ठरवला आहे. असं काही पुढे पाठवू नका. घाबरलेला माणूस एक तर सगळं सोडतो, नाही तर काहीच करत नाही.

कणांपेक्षा वेगळी, पण त्यांच्यासोबत येणारी एक गोष्ट मात्र मला जास्त टोचते, ती म्हणजे प्लास्टिक मऊ करण्यासाठी घालतात ती थॅलेट रसायनं. त्यांतल्या डीईएचपी नावाच्या रसायनामुळे २०१८ साली जगभरात ५५ ते ६४ वयोगटात हृदयविकाराचे सुमारे साडेतीन लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडला, आणि त्यांतले एक लाखावर भारतातले. हा गणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजलेले मृत्यू नव्हेत. तरी आपला वाटा सगळ्यांत मोठा का, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरांत आणि कारखान्यांत शोधायला हवं. मऊ पीव्हीसीचे टेबलावरचे कव्हर, वास येणारी स्वस्त प्लास्टिकची खेळणी, अन्नावर ताणून लावायची पारदर्शक फिल्म, ह्या गोष्टी अन्नापासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.

नाकाचं थोडक्यात. घरातल्या धुळीत कृत्रिम कपड्यांचे, गालिच्यांचे, पडद्यांचे तंतू असतात. कोरड्या झाडूने ती उडते. ओल्या फडक्याने पुसा. आणि कोणी गल्लीत प्लास्टिक जाळत असेल तर गप्प बसू नका. त्या धुरातली पीएम २.५, म्हणजे अतिबारीक, धूळ हृदयाला घातक आहे, हे मायक्रोप्लास्टिकच्या कितीतरी आधी पक्कं सिद्ध झालेलं आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या ह्या शहराने आपल्याला ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवलं. प्लास्टिक गाडीत टाकायचं आपल्याला जमलं आहे. आता ते कढईजवळून आणि चहाच्या कपातून हटवायचं आहे.

ताई, गोळी सुरू केल्यावर लिपिड प्रोफाइल चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करा. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. ७० आलं आणि लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेलं असलं तरी समाधान मानू नका. गोळीने पिंढऱ्या दुखतात, थकवा येतो, अशा काही कारणाने त्यांचं मन आधीच उडालेलं असेल आणि प्लास्टिक हे फक्त निमित्त झालं असेल, तर ते त्यांना मोकळेपणाने विचारा. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, दुसरी स्टॅटिन देता येते, एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी जोडता येते, त्याहून पुढे इंजेक्शनंही आहेत. आणि तो रिपोर्ट दाखवायला जाल, तेव्हा यजमानांना सोबत न्या. प्लास्टिकचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.